खुर्चीवरचा कान

लातूर,
९ जून २०२४

चि. दासू,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला होता असं शेजारणीने सांगितलं. तू फोनवर ओरडतोस ते मला ऐकू येत नाही, आमच्या सोसायटीला मात्र सगळं ऐकू येतं. मोबाइलवर लिहावं तर तू पहिली ओळ वाचून उत्तर धाडतोस. म्हणून पत्र. पूर्ण वाच.

मागच्या महिन्यात मिहिरने मला पुण्याला नेऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. नेहमीच्या मशीनचा आता उपयोग नाही. कानाच्या आत एक यंत्र बसवतात, ते बसवलं तर पुन्हा ऐकू येण्याची बरीच शक्यता आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. खर्चाचा आकडाही लिहिला. मिहिर देतो म्हणतो. त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, इराचं कॉलेज आहे. मुलाला कर्जात घालून मला काही ऐकायचं नाही.

आता तुझ्याकडे असलेल्या कानाबद्दल. बंगला विकून मी फ्लॅटमध्ये आले तेव्हा तुझ्याकडे ठेवायला दिला होता तो. ब्राँझची हातभर उंच खुर्ची आणि तिच्यावर पाहुण्यासारखा बसलेला माणसाचा कान. किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीला आलेल्या फ्रेंच बाई तुला आठवत असतील. ह्यांनी त्यांना चार महिने सरकारी जीपमधून गावोगाव फिरवलं. परत गेल्यावर बाईंनी आपल्या नवऱ्याने केलेलं ते शिल्प पेटीत घालून पाठवलं. हे म्हणाले होते, "बाईंनी कान पाठवला, म्हणजे जीपमध्ये मी फार बोललो वाटतं."

मिहिरने आता शोधून काढलंय. नवऱ्याचं नाव एमील व्होक्लँ. स्वप्नात दिसावं तसं घडवणारे, अतिवास्तववादी म्हणतात त्यांच्यातला. या शिल्पाच्या त्याने आठच प्रती ओतल्या आणि साचा फोडून टाकला. खुर्चीच्या तळाशी ५/८ कोरलंय ते त्यामुळे. सात प्रती कुठे आहेत ते माहीत आहे, पाचवी हरवली असं पुस्तकात छापलंय. ती हरवलेली नाही, नांदेडला माझ्या भावाच्या दिवाणखान्यात आहे, असं मी मिहिरला सांगितलं. मुंबईच्या एका गॅलरीला ती बघायची आहे.

एक कान देऊन दुसरा घ्यावा असं मी ठरवलंय. तू तो गोधडीत गुंडाळून घेऊन ये. त्याच्या अंगावरची हिरवट काळी झाक जपायची आहे, जाणकारांच्या लेखी तिलाच महत्त्व असतं म्हणे. घासू नका, पुसू नका.

उमाला आशीर्वाद.
अक्का

*

नांदेड,
१७ जून २०२४

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. ऑपरेशनचा निर्णय अत्यंत योग्य आहे. विज्ञानाने केलेली प्रगती पाहून मन थक्क होतं. या विषयावर पुढच्या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावं असा विचार आहे.

शिल्पाविषयी निश्चिंत राहा. ते सुरक्षित आहे आणि सन्मानाने आहे. काटेकोरपणे सांगायचं तर या क्षणी ते दिवाणखान्यात नाही. पण कलाकृती चार भिंतींत कोंडू नये, समाजात जावी, हे ह्यांचंही मत होतं. म्हणजे भाऊजींचं.

दोन शंका आहेत, मिहिरला विचारून कळव. झाक जपायची म्हणजे नेमकी किती? समजा एखाद्या घरात महालक्ष्म्यांच्या आधी सगळी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासली जातात आणि त्या ओघात एखादी वस्तू घासली गेली, तर ते लोक फार मनावर घेतात का? आणि दुसरं, शिल्पावर मूळची अक्षरं आहेतच, त्यांच्या जोडीला आणखी काही अक्षरं असतील तर? मराठी अक्षरं. हे आपलं सहज विचारतो.

इकडे उकाडा भयंकर आहे. उमाचा नमस्कार.

तुझा,
रेणुकादास

*

लातूर,
२२ जून २०२४

चि. दासू,

तू जन्मात काही सहज विचारलेलं नाहीस. लहानपणी "अक्का, काच किती पक्की असते गं?" असं विचारत आलास तेव्हा बाबांचा चष्मा तुझ्या पाठीमागे होता.

कान कुठे आहे? त्याच्यावर कसली अक्षरं आहेत? गॅलरीचा माणूस पुढच्या महिन्यात येतोय. विज्ञानाची प्रगती वगळून लिही.

अक्का

*

नांदेड,
१ जुलै २०२४

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आता सगळं सांगतो. शांतपणे वाच.

२०१८ सालच्या आमच्या व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस तुला आठवत असेल. समोर अकरा माणसं होती. त्यात एक मांडववाला आणि एक त्याचा माणूस. वक्ते हैदराबादहून आले होते. ते म्हणाले, "आपण खालीच गोल करून बसू या का?" अध्यक्ष म्हणून मला कुठे तोंड लपवू असं झालं. वक्त्यांना शाल, श्रीफळ, मानधन, सगळं मिळतं. श्रोत्याला काय मिळतं? चहा. म्हणून 'आदर्श श्रोता फिरता करंडक' सुरू करायचं ठरलं. बाजारात बघायला गेलो तर सगळीकडे सोनेरी प्लॅस्टिकचे कप, त्यांच्यावर बॅट घेतलेला माणूस. घरी आलो आणि समोर खुर्चीवर कान! अक्का, श्रोत्याचं याहून नेमकं चित्र कोणी काढू शकेल? तो फ्रेंच गृहस्थ आमच्यासाठीच ते घडवून गेला असं मला वाटलं. तुला विचारायला हवं होतं. पण फोनवर तुला ऐकू आलं नसतं.

करंडक म्हटलं की विजेत्याचं नाव आलं. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन असतं, तिथे खुर्चीच्या पाठीवर घालून घेतो. आजवर चार नावं आहेत. २०१९, संगप्पा गुरुजी, देगलूर. २०२०, सौ. दानम्मा, नांदेड; पुढे कोरोनामुळे तिच्याकडेच तीन वर्षं राहिला, तिला तो मास्क अडकवायला सोयीचा पडला. २०२३ साली समितीने एकमताने माझी निवड केली. मी विरोध केला. तो सौम्य होता हे मान्य. आणि यंदा श्रीमती धुरपताबाई नरसिंग, लोहा. सातही दिवस पहिल्या रांगेत, अगदी निश्चल! त्यांच्याकडे तो जानेवारीपर्यंत राहायचा आहे. मुदतीआधी करंडक परत मागता येणार नाही असा नियम आहे. तो मीच लिहिला.

चिंचेचं म्हणशील तर ते उमाने केलं. दरवर्षी समारंभाआधी करते. चकचकीत दिसतो, लोक कौतुक करतात. आता समोर शंभरावर माणसं असतात, अक्का. हा करंडक मी अर्ध्यावर काढून घेतला तर आमचे उपाध्यक्ष भुजंगराव सर्वसाधारण सभेत माझं काय करतील याची तुला कल्पना नाही. जानेवारीपर्यंत ऑपरेशन थांबवता येईल का?

तुझा,
रेणुकादास

*

लातूर,
५ जुलै २०२४

चि. दासू,

नाही. जितके दिवस जातील तितकं यंत्राला अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

एक गोष्ट लिहून ठेवते. २०१८ पर्यंत दरवर्षी मी तुझ्या व्याख्यानमालेला आले आणि पहिल्या रांगेत बसले. शेवटची तीन वर्षं मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाकीचे टाळ्या वाजवायचे तेव्हा मी वाजवायची. रात्री जेवताना तू विचारायचास, "कसं झालं?" मी म्हणायची, "छान." तू कधी दुसरा प्रश्न विचारला नाहीस. त्या अकरांत मीही होते.

परवा सकाळच्या एसटीने लोह्याला जाते आहे. तू येऊ नकोस.

अक्का

*

नांदेड,
६ जुलै २०२४

ती. अक्कास,

तुझं पत्र आत्ता मिळालं. कृपा करून लोह्याला जाऊ नकोस. संस्थेच्या वतीने मी रीतसर विनंतीपत्राचा मसुदा तयार करतो आहे. त्यांच्याशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे.

घाईत,
रेणुकादास

*

लातूर,
१४ जुलै २०२४

चि. दासू,

तुझं पत्र मी परत आल्यावर मिळालं. मसुदा राहू दे.

धुरपताबाईंचं घर लोह्याच्या स्टँडपासून जवळच आहे. त्यांची सून मनिषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिने वही घेतली आणि सासूचं बोलणं जसंच्या तसं लिहून दाखवत गेली. म्हणून तुला त्यांच्याच शब्दांत कळवता येतंय.

कान टीव्हीच्या वरच्या काचेच्या कपाटात होता, लोकरीच्या रुमालावर. इतका पिवळाधमक की मी आधी ओळखलाच नाही.

मी विचारलं, "सातही व्याख्यानं ऐकलीत?"

"ऐकलं कुठं बाई! डोळ्याच्या आपरेशनला लेकीकडं नांदेडला गेल्ते. ती तुमच्या व्याख्यानाच्या हालच्या बाजूच्या दवाखान्यात कामाला हाय. तिची ड्युटी सुटंपर्यंत बसावं कुठं? तिथं खुर्ची भेटती, च्या देत्यात. गुडघे असे धरलेत, एकदा बसले की दुसऱ्यानं उठवावं लागतंय."

"पण हालला नाहीत म्हणे."

"डोळ्यावर काळा चष्मा व्हता की. झोपले तरी कळतंय कोणाला?"

मनिषा लिहिताना लाल झाली होती. मग मी खरं कारण सांगितलं, की वस्तू माझी आहे, ती मला विकायची आहे. म्हातारी उठली नाही, पण सुनेकडून कान मागून घेतला आणि मांडीवर धरून बसली.

"विकत घेणारा ह्ये नाव ठेवील का?"

मी म्हटलं, बहुतेक खरवडतील.

"मग न्हाई देत. रेशनकार्डावर मालकाचं नाव. सातबाऱ्यावर दिराचं. घरातल्या भांड्यांवर सासूचं. माझं म्हून ह्येच पैलं हाय. अध्यक्ष मास्तरांनी सभेत मोठ्यांदा वाचलं व्हतं, तवा मी जागी झाले."

मी कानाच्या ऑपरेशनचं सांगितलं.

"म्हंजी मी इतकं बोलून राहिले त्यातलं तुमाला कायबी ऐकू आलं न्हाई?"

"मनिषा लिहिते ते वाचते."

यावर त्या जे हसल्या, दासू, तो आवाज मला ऐकायला हवा होता. मनिषाला लिहिणं जमेना. शेवटी लिहिलं ते असं, "काय बया! झोपणारीचं बक्षीस न्यायला न ऐकणारी आली. मास्तरांना म्हनावं, लई बारीक पारख हाय तुमची."

जेवू घालूनच सोडलं त्यांनी. निघताना कान माझ्या पिशवीत स्वतः ठेवला. म्हणाल्या, "न्या. पर नाव घासायचं न्हाई. म्या नांदेडच्या पल्याड कधी गेले न्हाई. नाव तरी जाऊ द्या कुठं जातंय तिथं."

मी शब्द दिलाय. मिहिरला कळवलं तर तो चिडला. म्हणाला, "आई, त्या नावांसकट कोण घेणार? मग ऑपरेशनचं काय?" मी म्हटलं, नाही घेतलं तर नाही. इतकी वर्षं काढली, आणखी काढीन. वाटतं तितकं ते सोपं नाही, हे तुला लिहायला हरकत नाही. इरा माझ्याशी बोलायची ते आता हातवारे करते, आणि हल्ली तेही आवरतं घेते.

अक्का

*

लातूर,
२० ऑक्टोबर २०२४

चि. दासू,

तीन महिने कळवण्यासारखं काही नव्हतं. गॅलरीचा माणूस येऊन गेला. त्याने कान बघितला आणि खाली बसला. नावं घासून टाकू, औषधं लावून जुनी झाक परत आणू, मग बघू, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो गेला. मिहिर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मला ऐकू आलं नसतंच, पण त्याने लिहिलंही नाही.

मागच्या महिन्यात त्याच गॅलरीच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. प्रत्येक ओळ काय आहे ते विचारलं. मी खरं ते सगळं सांगितलं. चिंच सांगितली, मास्क सांगितला, काळा चष्मा सांगितला, तुझा सौम्य विरोधही सांगितला. त्या लिहून घेत होत्या. एकदाही हसल्या नाहीत, तेव्हाच मला शंका आली.

आता त्यांचं छापील पुस्तक आलंय. मिहिरने मराठी करून पाठवलं ते उतरवते. "प्रत पाचवी. २०१९ ते २०२४ या काळात दक्षिण आशियातील एका अज्ञात समूहाने केलेल्या हस्तक्षेपामुळे व्होक्लँच्या मूळ प्रश्नाला – कोण ऐकतो? – प्रथमच उत्तर मिळाले आहे. श्रोत्यांची नामावली हा या कृतीचा गाभा होय. फळाच्या आम्लाने साधलेली झळाळी विशेष लक्षणीय."

बेल्जियमच्या एका गृहस्थांनी तो घेतला. नावं जशीच्या तशी ठेवायची, असं त्यांच्याकडून लिहून घेतलंय; ते म्हणाले, नावं नसती तर आपण घेतलाच नसता. मनिषाला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, सासूबाईंनी नकाशात बेल्जियम बघितलं आणि "एवढंसंच हाय की," म्हणाल्या.

डिसेंबरात ऑपरेशन.

अक्का

*

नांदेड,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

मनःपूर्वक आनंद झाला. सर्व काही सुरळीत पार पडेल.

फक्त एका शब्दाने मन खट्टू झालं. 'अज्ञात'. अक्का, आमची संस्था नोंदणीकृत आहे. लेटरहेड आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल का, असं मिहिरमार्फत विचार. समूहापैकी अध्यक्षांचं नाव खुर्चीच्या पाठीवर आहेच. उमाला 'विशेष लक्षणीय' वाचून दाखवल्यापासून ती मला स्वयंपाकघरातून हाका मारत नाही, मीच जाऊन विचारतो.

भुजंगरावांनी सभेत प्रश्न उपस्थित केला, करंडक कुठे आहे? मी म्हणालो, युरोपात. नंतर मतदान झालं आणि मी हरलो. ते आता अध्यक्ष आहेत. श्रोत्यांऐवजी 'आदर्श वक्ता' पुरस्कार सुरू करणार आहेत.

तुझा,
रेणुकादास

*

लातूर,
१९ जानेवारी २०२५

चि. दासू,

यंत्र चालू झालं. पहिल्या दिवशी सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटली. मिक्सर लावला तर मी घाबरून बाहेर आले. आता हळूहळू शब्द सुटे होतात. इरा "आजी" म्हणाली ते मला पाठमोरी असताना कळलं. पुढचं लिहीत नाही.

पुण्याच्या दवाखान्यात यंत्राने ऐकायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी सांगितलंय, सवय होण्यासाठी रोज अर्धा तास एकाच ओळखीच्या माणसाचं बोलणं फोनवर ऐकायचं. शांतपणे, न थांबता बोलणारा कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मिहिर आणि मी एकदमच तुझं नाव घेतलं. रोज संध्याकाळी पाचला फोन करत जा. विषय कोणताही चालेल. विज्ञानाची प्रगतीसुद्धा.

अक्का

*

लातूर,
३० जानेवारी २०२५

चि. दासू,

यंत्रात दोष आहे असं वाटतं. मिहिरचा फोन स्वच्छ ऐकू येतो. शेजारीण बोलते ते कळतं. तुझ्या फोनवर मात्र "कशी आहेस, जेवलीस का, थंडी आहे का" एवढं येतं आणि मग काहीच नाही. मी "बोल" म्हणते, तरी नाही. पुण्याला जाऊन यंत्र तपासून आणलं. ठीक आहे म्हणाले. आता परत पाठवावं लागेल की काय, या काळजीत आहे. तुझा फोन एकदा दुरुस्तीला टाकून बघ.

अक्का

*

नांदेड,
४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंत्र परत पाठवू नकोस. फोनही ठीक आहे.

पहिल्या दिवशी मी टिपणं काढून बसलो होतो. 'मराठवाड्याची वाङ्मयीन परंपरा', तीन भागांत. तू फोन उचललास, "बोल दासू, ऐकतेय," म्हणालीस, आणि मग थांबलीस. तुझा श्वास ऐकू येत होता. मी पहिलं वाक्य मनात म्हणून पाहिलं. ते तुला म्हणण्यासारखं वाटेना. दुसरं पाहिलं. ते खरं आहे की नाही याचीच शंका आली. व्यासपीठावर असं कधी झालं नव्हतं. तिथे समोर खुर्च्या असतात, वाक्य खुर्च्यांवर जाऊन पडतं आणि आपण पुढचं घेतो. तू काही पुढे जाऊ देत नव्हतीस. मग थंडीचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी टिपणं बदलली. तिसऱ्या दिवशी टिपणं घेतलीच नाहीत. रोज तेच होतं. उमा दारात उभी राहून बघते. काल म्हणाली, "बोला की, आता तर त्यांना ऐकू येतंय." मी म्हणालो, "तेच तर."

तुला सांगण्यासारखं काहीच नाही असं नाही. सभेतून हरून आलो त्या दिवशी घरी कसा आलो, ते सांगायचं आहे. तू शेवटची तीन वर्षं टाळ्या वाजवत होतीस त्याबद्दल विचारायचं आहे. ते टिपणांत बसत नाही, आणि तोंडी बोलायची मला सवय नाही.

उद्या पाचला पुन्हा करतो. सुरुवातीला काही वेळ काहीच ऐकू आलं नाही, तर कानाला हात लावू नकोस आणि यंत्र काढू नकोस. फोन धरून ठेव. मी तिथेच असेन.

तुझा,
दासू